खाड्याचा हिशेब

पुण्याच्या एका जुन्या पेठेत, जिथे नवरात्रापासून भाऊबीजेपर्यंत रस्त्यावर पाऊल टाकायला जागा उरत नाही, तिथल्या साड्यांच्या एका दुकानात गेली बावीस वर्षे पांढऱ्या गादीवर बसून गिऱ्हाइकांपुढे घड्या मोडणारे एक गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. दुकानातली पोरे त्यांना मामा म्हणतात, म्हणून आपणही मामाच म्हणू. साडी उलगडताना आधी पदर, मग काठ आणि शेवटी अंग दाखवावे, आणि गिऱ्हाईक नाक मुरडून उठले तरी तीच साडी मूळच्या चुण्यांवर अशी पुन्हा बसवावी की पुढच्या गिऱ्हाइकाला ती आजवर कुणी पाहिलीच नाही असे वाटावे, ही त्यांची विद्या. दुपारी तीनच्या सुमारास, दुकानात वर्दळ नसते त्या तासाभरात, मी कधीमधी तिथे टेकतो. अशाच एका दुपारी त्यांनी बोलता बोलता खिशातल्या पाकिटातून एक जुनी चिठ्ठी काढून दाखवली. तीन वर्षांपूर्वी भाद्रपदात त्यांची आई गेली, तेव्हा ते तेरा दिवस कामावर आले नव्हते. त्या महिन्याच्या पगाराच्या लिफाफ्यात ही चिठ्ठी होती, आणि तिच्यावर निळ्या शाईत, शेठच्या सुवाच्य अक्षरात, तीन ओळी होत्या: खाडे १३, माफ ५, कापले ८.

"शेठ देवमाणूस," मामा म्हणाले. "पाच दिवस सोडले. दुसऱ्याने तेराच्या तेरा कापले असते."

मी विचारले, "पण तुम्हाला रजा किती असते वर्षाला?"

ते हसले. "आमच्यात रजा नसते हो. खाडा असतो. रजा तुम्हा ऑफिसवाल्यांना. आमच्याकडे कागद कुठाय?"

या शेवटच्या वाक्यात जो समज आहे, तो मी हॉटेलातल्या आचाऱ्याच्या, छापखान्यातल्या बाइंडरच्या, दवाखान्यात नावे पुकारणाऱ्या मुलीच्या आणि एका वकिलाच्या कारकुनाच्याही तोंडून ऐकला आहे. नेमणुकीचे पत्र नाही, सही नाही, शिक्का नाही, म्हणून हक्कही नाही, आणि जे काही मिळते ती मालकाची मेहेरबानी, असे हे सगळेजण धरून चालतात. आणि चमत्कार असा, की त्यांचे मालकही, लबाडीने नव्हे तर पुष्कळदा अगदी प्रामाणिकपणे, तसेच धरून चालतात.

शब्दांचीही थोडी गंमत पाहण्याजोगी आहे. रजा हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसी दफ्तरातून आला, आणि त्याचा मूळ अर्थ संमती, मर्जी असा आहे. म्हणजे रजा देणारा कुणीतरी वर बसलेला असतो आणि घेणारा खाली हात जोडून उभा असतो, हे त्या शब्दाच्या पोटातच आहे. हक्क आणि करार हेही त्याच दफ्तरातले. पगार मात्र पोर्तुगिजांबरोबर आला. खाडा तेवढा अगदी घरचा वाटतो. दूध आले नाही, खाडा. पेपर टाकला नाही, खाडा. बाई आली नाही, खाडा. ज्याचा पैसा द्यायचा नाही तो दिवस म्हणजे खाडा, इतका त्याचा अर्थ सरळ आहे, आणि त्यात रजेसारखा मर्जीचाही प्रश्न उरत नाही, केवळ वजाबाकी उरते.

आता कागदाचा प्रश्न. आपल्या देशात १८७२ सालापासून जो करारांचा कायदा चालत आला आहे, तो करार लेखीच असला पाहिजे अशी अट सर्वसाधारणपणे घालत नाही. तोंडी बोली चालते. इतकेच काय, तोंडाने काहीही न बोलता नुसत्या वागण्यावरूनही करार सिद्ध होतो. मामा बावीस वर्षांपूर्वी एका सकाळी दहाला येऊन गादीवर बसले, शेठनी त्यांना बसू दिले, महिनाअखेर पैसे मोजून दिले, आणि दुसऱ्या महिन्याच्या पहिल्या तारखेस ते पुन्हा येऊन बसले, एवढ्यात करार पुरा झाला. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाने कामगार कोणाला म्हणावे याची जी व्याख्या केली, तीत नोकरीच्या अटी उघड असोत वा गर्भित असोत, असे स्पष्ट शब्द होते. आणि हे शब्द घालणाऱ्यांच्या नजरेसमोर मामांसारखीच माणसे असली पाहिजेत, कारण ज्याच्याजवळ छापील नेमणूकपत्र आहे त्याला गर्भित अटींची गरज पडत नाही. पण याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. भरपगारी रजा मुळात त्या करारातून जन्मतच नाही. ती कायद्यातून जन्मते. शेठ आणि मामा यांनी उद्या मुद्रांकावर लिहून, दोन साक्षीदार घेऊन, "रजा नाही" असे ठरवले, तरी ज्या आस्थापनेला रजेचा कायदा लागू आहे तिथे तो कागद त्या कलमापुरता रद्दीच्या मोलाचा ठरतो. मग जिथे कागदच नाही तिथे हक्क बुडाला असे कसे म्हणावे?

तोंडी बोलीचे आपल्याला वावडे आहे असेही नाही. विदर्भ-मराठवाड्यात सालगड्याचे साल गुढीपाडव्याला ठरते: रोख किती, धान्य किती, उचल किती, कपडा केव्हा, हे सारे पाराखाली किंवा ओसरीवर, चार माणसांदेखत, आणि कागदाचा कपटाही मध्ये न येता. त्यात खाड्यांचीही बोली असते. ठरल्यापेक्षा जास्त खाडे झाले तर बदली माणूस द्यावा लागतो, नाहीतर हिशेबातून दिवस कापला जातो. श्रावणी अमावस्येला पोळा येतो. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचे नाही, हा दंडक मोडण्याची छाती कुठल्याही जमीनदाराला होत नाही, आणि तरी कुठल्याही स्टॅम्पपेपरवर तो लिहिलेला नाही. आदल्या दिवशी बैलाचे खांदे तुपाहळदीने चोळायचे, सकाळी त्याला नदीवर धुवायचे, शिंगांना बेगड लावायची, झूल घालायची, मिरवायचे, पुरणपोळी भरवायची. हे सारे करतो कोण? सालगडी. बैलाच्या हक्काच्या सुट्टीचा दिवस हा त्याच्या धन्याच्या गड्याला वर्षातला सर्वांत राबणुकीचा दिवस ठरतो.

शहरात सुट्टीसाठी झगडावे लागले. मुंबईच्या गिरण्यांतून माणसे सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, आठवड्याचे सातही दिवस, उभी राहत होती, त्या काळी मांडवीच्या एका गिरणीत भांडारपाल म्हणून काम केलेले आणि पुढे 'दीनबंधू' चालवणारे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारदरबारी रुजू केला. त्या अर्जातल्या मागण्या आज वाचताना मन थबकते: आठवड्यातून एक दिवस विश्रांती, दुपारी अर्धा तास सवड, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, आणि मागल्या महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. सहा वर्षांनी, २४ एप्रिल १८९० रोजी, महालक्ष्मीजवळच्या शर्यतींच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामकरी स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. आज बँकेतला साहेब रविवारी उशिरा उठतो तो या भांडारपालाच्या पुण्याईवर, हे त्याला कुणी सांगत नाही, असो.

परंतु सुट्टी मिळणे निराळे आणि सुट्टीचा पगार मिळणे निराळे. या दोहोंमध्ये पंचावन्न वर्षे गेली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने भरपगारी रजेचा ठराव १९३६ साली केला; आपल्याकडे कारखान्यांच्या कायद्यात वर्षाला दहा दिवसांची भरपगारी रजा आली ती १९४५ च्या दुरुस्तीने. मग १९४८ चा कारखाना अधिनियम आला आणि त्यात पुढे दुरुस्तीने एक हिशेब घातला गेला जो इतर कायद्यांनीही उचलला: वर्षात २४० दिवस काम भरले की दर वीस दिवसांमागे एक दिवस रजा. आणि नोकरी सुटली, काढले गेले, किंवा माणूस मध्येच मेला, तर उरलेल्या रजेचा पैसा त्याला वा त्याच्या वारसांना. रजा ही कमावलेली मिळकत आहे, ही कल्पना या शेवटच्या तरतुदीत जितकी लख्ख दिसते तितकी कुठल्याही भाषणात दिसणार नाही. मेलेल्या माणसावर कुणी मर्जी करीत नसतो.

दुकानांसाठी मुंबई प्रांताने त्याच साली वेगळा कायदा केला, आणि मामांच्या दृष्टीने तोच खरा. त्या १९४८ च्या कायद्यात नोकर एक असो की पन्नास, भेद नव्हता. २४० दिवस भरले की २१ दिवस भरपगारी रजा. न घेतली तर ४२ दिवसांपर्यंत साठवता येई. आठवड्यातून एक दिवस दुकान बंद; आणि त्या बंदच्या दिवसाचा पगार कापायचा नाही, नोकर रोजंदारीवर असला तरी त्याला त्या दिवसाचा रोज द्यायचाच, असे स्वच्छ शब्दांत लिहिलेले. मामा २००३ साली लागले. त्या कायद्याची अखेर २०१७ च्या डिसेंबरात झाली. चौदा वर्षे, वर्षाला २१: दोनशे चौऱ्याण्णव दिवस. मी हा गुणाकार त्यांच्याच बिलबुकाच्या मागे करून दाखवला तेव्हा ते बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "एवढे दिवस मी गावाला जाऊन करणार काय होतो?" थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "आईकडे गेलो असतो म्हणा."

१९ डिसेंबर २०१७ पासून महाराष्ट्रात नवा दुकाने व आस्थापना अधिनियम अमलात आला. कागदावर तो उदार आहे: आठ दिवस नैमित्तिक रजा, आठ भरपगारी सणांच्या सुट्ट्या, पैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर ठरलेल्या व उरलेल्या चार मालक-नोकरांनी सहमतीने ठरवायच्या, आणि वर २४० दिवसांवर दर वीस दिवसांमागे एक, ४५ पर्यंत साठवण. तीनशे दिवस गादीवर बसणाऱ्या माणसाचे हे सगळे मिळून एकतीस दिवस होतात, आणि आईच्या तेरा दिवसांना त्यात सहज जागा होती. शेठनी जे माफ केले ते त्यांनी माफ करण्याचे नव्हतेच आणि जे कापले तेही कापण्याचे नव्हते. मात्र या कायद्याने एक रेषा आखली. दहा किंवा दहांहून अधिक कामगार असतील तिथेच तो लागू झाला. त्याखालच्या मालकाने फक्त आपल्या धंद्याची सूचना द्यायची. एका रात्रीत राज्यातल्या लहान लहान दुकानांतली सारी माणसे, ज्यांना आपण एका कायद्याच्या छत्राखाली आहोत हेही ठाऊक नव्हते, त्या छत्राबाहेर गेली, आणि त्यांना तेही कळले नाही.

"तुम्ही दुकानात किती जण?" मी विचारले. मामांनी बोटे मोजली: गादीवर सहा, गल्ल्यावर एक, माल वर-खाली करणारी पोरे दोन. नऊ. ते समाधानाने म्हणाले, "नाही बसत आम्ही." पण दोन गल्ल्या पलीकडे गोदाम आहे, तिथे गाठी सोडवायला आणि किमतीच्या चिठ्ठ्या लावायला आणखी दोघे असतात, ज्यांचा पगार दुसऱ्या वहीतून होतो, आणि कायद्याची दुकानाची व्याख्या म्हणते की त्याच धंद्यासाठी मुख्यतः वापरले जाणारे गोदाम, मग ते त्याच जागेत असो वा अन्यत्र, दुकानातच मोडते. नऊ आणि दोन अकरा. (फॉल-पिको घरी करून देणाऱ्या चार बायका मी धरल्या नाहीत, त्यांना कोणी कधीच धरीत नाही.) कायद्याच्या व्याख्येचे पान वाचणे हा किती रुक्ष उद्योग आहे असे मी आजवर मानीत आलो होतो, त्या दुपारी 'वा अन्यत्र' या दोन शब्दांत एका माणसाचे एकतीस दिवस अडकलेले पाहिले तेव्हापासून मानीत नाही.

पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही दहाची रेषा वीसवर नेण्यास मंजुरी दिली, आणि त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला केंद्राच्या चार श्रमसंहिता अमलात आल्या, ज्यांतल्या एकीने दहा कामगारांच्या आस्थापनेत प्रत्येकाला नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले आणि रजेसाठी २४० ऐवजी १८० दिवस पुरेसे मानले. राज्याची रेषा वर सरकते आणि केंद्राची खाली राहते, यांचा मेळ कसा लागायचा तो न्यायालयांत लागेल. पण वेतनसंहितेत एक गोष्ट अशी आहे जिला रेषाच नाही: सात दिवसांत एक विश्रांतीचा दिवस आणि त्या दिवसाचा मोबदला, ही तरतूद किमान वेतनाच्या जुन्या कायद्यातही होती आणि नव्या संहितेतही आहे, आणि ती सर्व कर्मचाऱ्यांसाठी आहे.

हक्क असणे आणि तो शाबीत करणे यांत जे अंतर आहे तिथे मात्र कागद नसल्याची खरी किंमत मोजावी लागते. २४० दिवस काम केले हे कोणी दाखवायचे? कामावरून कमी केलेल्या माणसांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले की ते कामगारानेच दाखवायचे, नुसते शपथपत्र पुरायचे नाही; २००५ साली त्याच न्यायालयाने जरा मऊ होऊन म्हटले की कामगाराने साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून सांगावे आणि मालकाजवळचे हजेरीपट मागवून घ्यावेत, कारण रोजंदारीच्या माणसाजवळ दुसरे काय असणार. दिवस मोजताना रविवार आणि भरपगारी सुट्ट्याही धरायच्या, हे १९८५ साली न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी ठरवून दिले ते त्याच कमी करण्याच्या कायद्यापुरते. कारखान्याच्या रजेचा हिशेब निराळा. आणि थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत केला, तर पैसे दिले होते हे शाबीत करण्याचा भार वेतनसंहितेने मालकावर टाकला आहे.

मामांना मी विचारले, तुमच्याजवळ काय काय आहे. आधी ते म्हणाले काहीच नाही. मग एकेक निघू लागले: विमा रुग्णालयाचे कार्ड, ज्याच्यावर दुकानाचे नाव आहे, नोटबंदीनंतर पगार खात्यात जमा होऊ लागला ते बँकेचे पासबुक, आणि मोबाईलवर शेठचे निरोप. ते त्यांनी मला वाचून दाखवले, काहीसे संकोचून, जणू खासगी पत्रेच. 'उद्या साडेनऊला या, येवल्याचा माल येतोय.' 'आज गोदामात थांबा.' 'रविवारी दुकान चालू, सगळ्यांनी यावे.' सहा वर्षांचे निरोप, तारीख-वारासकट. नेमणूकपत्र याहून अधिक काय सांगते?

तक्रार करा असे मी त्यांना म्हणालो नाही, आणि तेही करणार नाहीत. शेठनी त्यांच्या मुलीच्या लग्नात शालू दिला आहे. हा शालू कुठल्याही हजेरीपटापेक्षा जड असतो. तिथेच मला माथाडींची आठवण होते. ज्याला एक मालक नाही, सकाळी एका व्यापाऱ्याचे पोते उचलायचे आणि दुपारी दुसऱ्याचे, ज्याचा करार मुकादमाच्या हाकेपलीकडे कधी नव्हता, त्या हमालाला अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ साली महाराष्ट्राने जो कायदा दिला, त्याने रजेचा प्रश्न मालकाच्या ओसरीवरून उचलून मंडळाच्या कचेरीत नेला. व्यापाऱ्याने मजुरीबरोबर लेव्ही मंडळात भरायची. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस आणि रजेचा पगार. टोळीतल्या माणसाला रजा मागताना कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही. या कायद्याचे पुढे काय झाले, खंडणीखोर टोळ्या त्यात कशा शिरल्या, हा निराळा आणि कडू विषय आहे. पण शालूवरचा इतका साधा उतारा मला दुसरा माहीत नाही.

घरकामाच्या बाईला तोही नाही. खासगी घर ही आस्थापना नव्हे. २००८ साली महाराष्ट्राने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, पण कल्याण आणि रजा या दोन गोष्टी आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या घरकामगारांविषयीच्या २०११ च्या ठरावाला, ज्यात आठवड्याला सलग चोवीस तासांची विश्रांती आहे, भारताने मत दिले आणि त्याला अनुसमर्थन मात्र आजतागायत दिलेले नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याची चौकट विचारात घेण्यासाठी समिती नेमा असे केंद्राला सांगितले. याच पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला होता आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. तेव्हापासून भरपगारी सुट्ट्या आणि दिवाळीला एक महिन्याचा पगार ही बोली शहरातल्या पुष्कळ घरांत वहिवाटीसारखी रुळली आहे. वहिवाट हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो, कारण तिथे आज तीच एक सनद आहे.

आमच्या घरी स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय लटकते. दुधाच्या खाड्याला गोल आणि बाईंच्या खाड्याला फुली, ही आमच्या सौभाग्यवतींची पद्धत. महिन्याला दोन सुट्ट्या माफ, त्यावर कापायचे, ही बोली अकरा वर्षांपूर्वी बाईंशी झाली, अर्थात तोंडी. मामांकडून परतल्यावर मी एका रात्री ते कालनिर्णय खाली काढून मागची पाने चाळू लागलो, आणि सकाळी बाई आल्या तेव्हा ते ओट्यावरच पडलेले होते. त्यांनी ते पाहिले. हातातले भांडे खाली ठेवून, हात पदराला पुसून, त्यांनी आपल्या पिशवीतून चौघडी केलेले एक पान काढले. एका सहकारी पतपेढीच्या कॅलेंडरचे, ऑक्टोबरचे.

"वहिनी, तुमच्यात माझे तीन खाडे हायत," त्या आमच्या सौभाग्यवतींना म्हणाल्या. "माझ्यात दोन. सतरा तारखेला तुम्ही फुली मारलीय."

"सतराला तुम्ही आला नव्हता, बाई. वसुबारस होती. आम्ही जेजुरीला गेलो होतो त्या दिवशी."

"मी आल्ते. सातला आल्ते, बेल वाजवली. कुलूप होतं."

आमच्या सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. मी पेन शोधू लागलो.